दातच का?

नमस्कार श्रोतेहो. दंतवैद्यकाच्या प्रवेशाची मुलाखत द्यायला निघालेल्या मुलामुलींशी, आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेल्या आईवडिलांशी आज थोडं बोलायचं आहे.

पहिला प्रश्न सगळ्यांनाच आधी ठाऊक असतो: दातच का? डॉक्टर का नाही? आणि मुलं नेमकी इथेच अडखळतात, कारण उत्तर पाठ केलेलं असतं. ‘मला लोकांची सेवा करायची आहे.’ अहो, सेवा अग्निशमन दलाचा जवानही करतो! दातांच्या कामात दुखणं शोधणारे आणि ते हातांनी दुरुस्त करणारे बहुतेक वेळा एकच असतात, एकाच खुर्चीपाशी. ते तुम्ही कुठे पाहिलंत, तेवढं सांगा.

पाहायचं तर दवाखान्यात परवानगी घेऊन बसा. बसलात की तोंडात काय चाललंय ते जरा बाजूला ठेवा, पेशंटचे हात बघा. खुर्ची मागे झुकली की बोटं आवळतात, ड्रिल थांबलं की सैल होतात. तोंड उघडं असलेल्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून जाणता डॉक्टर आधीच सांगून ठेवतो, ‘दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबतो.’ आणि हात वर झाला की खरंच थांबतो. असं जे दिसेल ते त्याच रात्री दोन ओळींत लिहून ठेवा. आठवड्याने ते आठवत नाही.

आता बऱ्याच कॉलेजांत एकाच टेबलासमोर बसवत नाहीत. छोट्या छोट्या मुलाखतींची रांग असते. ही पद्धत या शतकाच्या सुरुवातीला कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी सुरू झाली. दाराबाहेर कागद वाचायचा, आत जायचं, काही मिनिटांत घंटा. एक दार बिघडलं तर ते तिथेच सोडून पुढच्या दाराशी जायचं.

माझं बिघडलं होतं. कागदावर होतं, ‘आठ वर्षांच्या मुलाला दात कसा किडतो ते समजावून सांगा.’ मी सुरू झाले. स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, आम्ल, पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं कशी विरघळतात, सगळं बिनचूक! मुलगा झालेले परीक्षक मध्येच म्हणाले, ‘मग माझा दात मरणार का?’ आणि मी? मी फ्लोराइडवर गेले! त्या मुलाला भीती वाटत होती, हे मला घरी परतताना कळलं. ‘नाही रे. तोंडातले जंतू गोड खातात आणि आंबट सोडतात, त्याने दाताचं कवच झिजतं. तुझा कुठला दात दुखतोय, दाखव बघू,’ एवढं पुरलं असतं. घरातल्या एखाद्या लहानग्याला समोर बसवून याचा सराव करा. कंटाळा आला की मुलं सरळ उठून जातात, यापेक्षा चांगला परीक्षक नाही.

हातांबद्दलही विचारतात. ‘मला चित्रकला आवडते’ यावर थांबू नका. काय केलंत, कुठे फसलं, मग काय बदललंत ते सांगा. साबणाच्या वडीतून दाढ कोरून बघा. आरशात बघून कागदावर रेघ ओढा, हात उलटाच जातो. वरच्या दातांचं काम बरंचसं आरशात बघूनच करावं लागतं.

नीतीचे प्रश्न येतात. धडधाकट दात तासून त्यावर कॅप बसवून द्या, असा कुणी हट्ट धरला तर? इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, गेलं की पुन्हा येत नाही. तरी नाही म्हणण्याआधी ‘का हवंय?’ हे विचाराल ना? थोडं वाचनही असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत. पण आकडा फेकून गप्प बसू नका, पुढचा प्रश्न ‘मग काय करावं?’ हाच असतो.

शेवटी ते विचारतील, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ वसतिगृहाचं नंतर बघू. विद्यार्थ्याच्या हाती पहिला खराखुरा पेशंट कोणत्या वर्षी येतो, आणि तेव्हा शेजारी कोण उभं असतं, ते विचारा. नमस्कार.