पंखावरचे सुताचे धागे

(दृश्य : महाविद्यालयाची कार्यशाळा. लाकडी पंखाच्या पाठीवर पांढरे धागे चिकटवले जात आहेत.)

सोलापूरला सूत नवे नाही. ज्या सुतापासून येथील मागांवर चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्याच सुताचे बोटभर लांबीचे तुकडे या विद्यार्थ्यांनी एका लाकडी पंखाच्या पाठीवर ओळीने चिकटवले आहेत. वातविवरात, म्हणजेच विंड टनेलमध्ये, वारा सुरू झाला की सगळे धागे मागच्या दिशेने सरळ निजतात. आता पंखाचे नाक, म्हणजे पुढची कड, हळूहळू वर उचलले जात आहे. पाच अंशांना धागे स्थिर आहेत, दहा अंशांनाही ते स्थिर आहेत. मात्र पंधरा अंशांच्या आसपास मागच्या ओळीतला एक धागा थरथरतो, मग दुसरा, आणि पाहता पाहता संपूर्ण ओळ उलटी फिरते. जेथे धागा उलटला, तेथे हवेने पंखाची पाठ सोडली आहे.

लांब पल्ल्याच्या बिझनेस जेटवरील, म्हणजे मोजक्या प्रवाशांच्या खासगी जेट विमानांवरील, चित्रफिती बहुधा चामडी आसनांपासून सुरू होतात. आम्ही जाणीवपूर्वक पंखापासून सुरुवात केली आहे, कारण असे विमान किती दूर जाणार याचा निर्णय आसनांच्या ओळीत होत नाही, तो पंखात होतो.

(दृश्य : होटगी रस्त्यावरील विमानतळ. एटीआर हे पंख्याचे प्रवासी विमान उतरत आहे.)

जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला जाणारे हे एटीआर 72 आपल्या परिचयाचे झाले आहे. त्याचे पंख जवळजवळ सरळ आणि अरुंद आहेत, त्यांचा पसारा 27 मीटर आहे, आणि ताशी सुमारे 500 किलोमीटरच्या वेगासाठी तेच योग्य आहेत. आता त्याच्या शेजारी गल्फस्ट्रीम जी650 या बिझनेस जेटचे चित्र पाहावे. पंखांचा पसारा 30 मीटरच्या थोडा पुढे, म्हणजे फारसा वेगळा नाही. परंतु हे पंख 36 अंशांनी मागे वळलेले आहेत आणि उड्डाणाच्या वेळी त्यांना एटीआरच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सुमारे 45 टन वजन पेलायचे असते.

पंख मागे का वळवायचे, हे यांपैकी एका विद्यार्थिनीने टेबलावर कागदी पंख फिरवून दाखवले आहे. जी650 ध्वनीच्या वेगाच्या 0.85 पट वेगाने, म्हणजे उंचावरील उणे 56 अंश सेल्सिअसच्या हवेत ताशी सुमारे 900 किलोमीटरने, तासन्‌तास उडते. पंखाच्या फुगीर पाठीवरून जाताना हवा आणखी वेग घेते, काही जागी ध्वनीचा वेग ओलांडते, आणि तेथे निर्माण होणारा आघात-तरंग, म्हणजे हवेच्या दाबाची अचानक उसळी, विमानाला मागे खेचू लागतो. पंख तिरका केला की पुढच्या कडेला काटकोनात भिडणारा वाऱ्याचा वेग कमी होतो. 36 अंशांसाठी फळ्यावरच्या हिशेबाने तो 0.85 वरून 0.69 च्या जवळ येतो. विमान तेवढ्याच वेगाने जात असते, पण पंखाला मात्र वारा सौम्य वाटतो. इंजिने शेपटीजवळ बसवल्यामुळे पंखाखालून जाणाऱ्या हवेलाही काही अडथळा राहत नाही.

(दृश्य : फळ्यावरील सूत्र.)

हे सूत्र लुई ब्रेगे या फ्रेंच विमाननिर्मात्याच्या नावाने ओळखले जाते. त्याचा अर्थ शब्दांत असा, की विमानाचा पल्ला तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: इंजिन किती कमी इंधनात वेग राखते, पंख किती कमी रोधात, म्हणजे हवेच्या मागे खेचण्यात, किती वजन उचलतो, आणि निघताना व पोहोचताना विमानाच्या वजनात किती फरक पडतो. जी650 निघताना 45 टनांपैकी सुमारे 20 टन इंधनच असते आणि ते पंखांच्या पोटात भरलेले असते. म्हणजे विमानाचा जवळजवळ 44 टक्के भार वाटेत जळून जाण्यासाठीच उचललेला असतो. या इंधनावर ते आठ प्रवाशांसह सुमारे 13,000 किलोमीटर जाऊ शकते. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले की हा आकडा किती अटीतटीचा आहे ते कळते. 2014 मध्ये याच विमानाची जी650ईआर ही आवृत्ती आली. पंख तोच ठेवून निघतानाचे वजन वाढवण्याची मुभा मिळाली, सुमारे 1,800 किलो इंधन अधिक भरता आले, आणि पल्ला 900 किलोमीटरहून अधिक वाढला.

भरलेले विमान सुरुवातीलाच सर्वांत वर जाऊ शकत नाही. ते 41,000 फुटांच्या आसपास स्थिरावते, आणि इंधन जळून हलके होईल तसे पायरीपायरीने 51,000 फुटांकडे सरकते, कारण वरच्या विरळ हवेत रोध कमी असतो. त्या उंचीवरही आतल्या माणसाला हवा महाबळेश्वरच्या जराशा वर असल्यासारखी जाणवते, तर नेहमीच्या प्रवासी विमानांत ती कळसूबाईच्या शिखराहून विरळ असू शकते.

(दृश्य : मागावर उभे-आडवे धागे. त्यानंतर कार्बन तंतूंचे काळे कापड.)

येथे माग दाखवण्यास कारण आहे. दसो या फ्रेंच कंपनीच्या आगामी फाल्कन 10एक्स विमानाचा पंख कार्बन तंतूंपासून घडवलेला आहे. कोणत्या थरात तंतू कोणत्या दिशेने जावेत, म्हणजे पंख कोठे ताठ राहील आणि कोठे लवेल, हा तेथील रचनाकारांचा प्रश्न आहे. आणि उभ्या-आडव्या धाग्यांच्या ताणाचा विचार ज्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या होत आला, त्या शहरातील मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही, हे आम्ही चित्रीकरणाच्या वेळी पाहिले. याच कंपनीच्या फाल्कन 2000 विमानांचे भाग नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात तयार होतात, हेही या मुलांना ठाऊक होते.

(दृश्य : मे महिन्याची दुपार. तापलेली धावपट्टी, मृगजळ.)

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे आणि मे महिन्यात येथे 42 अंश तापमान नवे नाही. या दोन गोष्टींमुळे येथील दुपारची हवा, समुद्रकाठच्या 15 अंशांच्या प्रमाण हवेच्या तुलनेत, सुमारे 13 टक्के विरळ असते. तेवढीच उचल मिळवण्यासाठी विमानाला सुमारे साडेसात टक्के अधिक वेग गाठावा लागतो, आणि इंजिनाचा जोर त्याच वेळी घटलेला असतो. प्रमाण हवेत पूर्ण भाराने उडण्यासाठी जी650ला सुमारे 1,786 मीटर धावपट्टी लागते; या दुपारी ती पुष्कळच अधिक लागेल, किंवा मग इंधन कमी भरून पल्ला सोडून द्यावा लागेल. या विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेला, उतरताना व उडताना बाहेर सरकणाऱ्या फळ्या नाहीत. त्यामुळे पंख गुळगुळीत आणि हलका राहतो, परंतु कमी वेगात सारी भिस्त पंखाच्या नाकाच्या आकारावर आणि वैमानिकाने पाळलेल्या वेगावर असते. 2 एप्रिल 2011 रोजी अमेरिकेतील रॉझवेल येथे याच विमानाच्या एका इंजिनाचा जोर काढून उड्डाणाची चाचणी घेताना जमिनीलगतच पंखाने उचल गमावली, चौघांचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर उड्डाणाचे वेग नव्याने ठरवण्यात आले. वीस टन इंधन जळताना साठ टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हाही याच हिशेबाचा भाग आहे.

(दृश्य : पुन्हा कार्यशाळा.)

दोन दिवसांत मुलांनी लाकडी पंखाचे नाक पॉलिश पेपरने घासून अधिक गोल केले आहे आणि धागे नव्याने चिकटवले आहेत. वारा सुरू झाला आहे. दहा अंश झाले, बारा झाले, पंधरा झाले. मघा ज्या कोनाला मागची ओळ उलटली होती तो कोन आता ओलांडला गेला आहे, आणि धागे अजून सरळ आहेत.