बुटाच्या खाचेतली माती

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या पावसाळ्यात एका किल्ल्यावरून आलो आणि बूट घासायला बसलो. हातात जुना टूथब्रश, खाली वर्तमानपत्र. तळाच्या खाचांतून निघालेली माती मूठभरसुद्धा नव्हती. टाकून द्यायच्या ऐवजी ती वाळूच्या एका कुंडीत पसरली आणि रोज थोडं पाणी घालत राहिलो. बायको म्हणाली, "आता चिखलही पाळायचा का?" तीन आठवड्यांत सात रोपं वर आली. त्यातल्या दोघांची पानं गाजराच्या पानासारखी कातरलेली. काँग्रेस गवत!

कुणी याला गाजरगवत म्हणतं, कुणी चटकचांदणी. खरं तर हे गवतच नव्हे, सूर्यफुलाच्या कुळातलं रोप आहे. मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते पहिल्यांदा नजरेत भरलं 1950 च्या दशकात, पुण्यात. आयात गव्हातून आलं असं मानतात. एकेका रोपाला 15 ते 20 हजार बिया धरतात, राईहून बारीक. ओल्या चिखलात मिसळल्या की बुटाला चिकटतात, गाडीच्या टायरला चिकटतात. म्हणजे गावातल्या मोकळ्या प्लॉटमधलं बी शनिवारी पहाटे आपल्या गाडीत बसतं आणि दहा वाजता सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर, उतरतं. तिकीट नाही, पास नाही.

आता तो सडा कसला, ते बघा. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर मातीचा नुसता पातळ थर. त्यात कस असा नाहीच. म्हणून तर तिथली सीतेची आसवं ही नाजूक निळी-जांभळी फुलं दिसतात गरीब, पण मुळापाशी बारीक पिशव्या लावून चिमुकले जीव पकडून खातात. दवबिंदू नावाचं रोपसुद्धा चिकट पानावर किडा धरतं. गरिबीवरच उभा राहिलेला संसार आहे तो. तेरडा, सोनकी, गेंद, सगळ्यांची दोन-तीन महिन्यांची घाई. तिथे धटिंगण पाहुणा घुसला तर यांना जागा उरत नाही.

आणि इथे एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. पावसाळ्यात हौशी मंडळी सीडबॉल घेऊन डोंगरावर जातात. हेतू चांगला असतो. पण त्या मातीच्या गोळ्यात आहे काय, हे कितीजण विचारतात? कधी सुबाभूळ, कधी गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. दोन्ही मध्य अमेरिकेकडची, दोन्ही मातीत नत्र वाढवणारी. शेताच्या बांधावर हा गुण. पण जिथली झाडं नत्र नाही म्हणूनच तगली आहेत, तिथे तोच गुण मुळावर येतो. सडा उघडा दिसतो म्हणून तो रिकामा नसतो हो! तिथे झाड लावायची गरजच नाही.

माझी मावसबहीण ऑकलंडला असते. पहिल्यांदा तिच्याकडे गेलो तेव्हा विमानतळावर ट्रेकचे बूट बॅगेतून काढून दाखवावे लागले. मला हसू आलं. मग तिथल्या जंगलात गेलो, तर पायवाटेच्या तोंडाशीच ब्रश आणि जंतुनाशक. कौरी नावाच्या त्यांच्या थोरल्या वृक्षांना मुळं कुजवणारा रोग लागला आहे आणि तो मातीतून पसरतो. प्रत्येकजण बूट घासूनच आत जातो, पोरंसुद्धा. तेव्हा हसू मावळलं.

आपल्याकडे असे ब्रश वाटेवर नाहीत, पण घरी आहेत. निघायच्या आदल्या रात्री बूट कोरडे करून घासा. पँटची दुमड उलटी करून झटका, मोजे बघा, सॅकच्या वेल्क्रोत अडकलेलं बी नखानं काढा. तंबूचा तळ विसरू नका, तिथे सगळ्यात जास्त सापडतं. परत येतानाही हेच, गाडीत बसायच्या आधी. आणि बूट ओढ्यात धुऊ नका, पाण्याबरोबर बी खाली वाहत जातं.

कुंडीतली ती दोन रोपं मी फुलायच्या आत उपटली, हातमोजे घालून, कारण त्यानं अंगाला खाज सुटते. बाकीच्या पाचांपैकी तिघांची नावं अजून लागलेली नाहीत. टूथब्रश आता गाडीच्या कप्प्यात असतो. येत्या रविवारी कासला निघालोय.

नमस्कार.