टर्बोच्या गाडीतला ओटू सेन्सर

(फोंड्यात गॅरेजवाल्यांपुढे केलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

समोर निम्मे चेहरे ओळखीचे आहेत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो कसा फिरतो हे मी तुम्हांला शिकवायला नको. साध्या पेट्रोल गाडीला टर्बो घालायचा ठरला की गप्पा कशाच्या होतात? टर्बो कुठला, इंटरकूलर केवढा, बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, किती. धुरातला ऑक्सिजन ओळखणाऱ्या ओटू सेन्सरचं नाव निघतं ते अगदी शेवटी, तेही ‘तो जुनाच असूं दे’ म्हणायला. मी आज त्या ‘असूं दे’वर बोलणार आहे.

हे दोन सेन्सर बघा. दोघांचा आटा १८ मिलिमीटरचा, एकाच भोकात बसतात. पहिला कंपनीचा, नॅरोबँड. आत झिर्कोनियाची टोपी, तिच्या एका अंगाला धूर आणि दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर व्होल्टेज ठरतं. हवा-पेट्रोल नेमकं जुळलं, म्हणजे लॅम्डा १ झाला, की साधारण ०.४५ व्होल्ट. जरा रिच झालं, म्हणजे पेट्रोल जास्त, की ०.८च्या वर; जरा लीन झालं, म्हणजे हवा जास्त, की ०.१कडे. १९७६मध्ये बॉशचा हा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला तेव्हा कामच तेवढं होतं: लॅम्डा १च्या अलीकडे की पलीकडे, एवढं सांगायचं. पण बूस्टमध्ये आपल्याला हवा असतो लॅम्डा ०.८च्या आसपास, म्हणजे बराच रिच. तिथे हा ०.९ व्होल्टला चिकटून बसतो. लॅम्डा ०.९२ असो वा ०.७५, याला दोन्ही सारखेच. पिस्टन मात्र दोन्ही सारखे मानत नाही.

म्हणून हा दुसरा, वाइडबँड. हा आकडा सांगतो. जुना काढून फेकायचा मात्र नाही. आयडलला आणि सावकाश चालताना ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर, त्याच्याच भरवशावर पेट्रोल कमीजास्त करतो.

आता वाइडबँड बसवायचा कुठे? टर्बोच्या आधी, इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर, नको. तिथे उष्णता जास्त, शिवाय धुराचा दाब वाढला की आकडा चुकतो. टर्बोच्या पुढे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, हातभर अंतरावर बसवा. आणि तोंड वरून पाहिजे, आडव्या रेषेच्या निदान १० अंश वर.

हे दहा अंश मला माझ्याच गाडीने शिकवले. गिअरबॉक्सच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून मी पाइपाच्या पोटाला, खालून बॉस, म्हणजे सेन्सर आवळायचं आट्याचं कडं, वेल्ड केला. उन्हाळाभर काही बिघडलं नाही. जूनमध्ये गाडी दोन दिवस पावसात उभी राहिली. सकाळी चावी फिरवली, सेन्सरमधला हीटर तापायला लागला. आतली सिरॅमिक पट्टी सुमारे ७८० अंशांवर काम करते, आणि पाइपात साचलेलं पाणी बरोबर तिच्यावर. आवाज काहीच आला नाही. फक्त मीटर लीनवर जाऊन बसला. मी शहाणा! लॅपटॉप उघडून पेट्रोल वाढवलं, परत वाढवलं, तिसऱ्यांदाही वाढवलं. शेवटी डिपस्टिक नाकाशी धरली तर ऑइलला पेट्रोलचा वास. प्लग काजळीने काळेकुट्ट. सेन्सर फुटला होता आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवून इंजिन बुडवत होतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही, दिसतो तो ऑक्सिजन. सेन्सरच्या अलीकडे फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या जोडाला, केसभर फट असली तर आयडलला ती बाहेरची हवा ओढते, आणि मीटर ओरडतो ‘लीन’. मिसिंग असलं तरी तेच. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. ईसीएममधल्या पेट्रोलच्या मॅपला हात लावण्याआधी जॉइंटवर साबणाचं पाणी मारून बघा.

अर्थिंगचंही तसंच. वाइडबँडच्या कंट्रोलरचा ० ते ५ व्होल्टचा सिग्नल जर १० ते २० एएफआर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, दाखवत असेल, तर अर्थमधला ०.१ व्होल्टचा फरक ०.२ने खोटं बोलतो. बूस्टमध्ये इंजिन बिघडायला एवढं पुरतं. सिग्नलचा अर्थ ईसीएमच्या अर्थपाशीच जोडा. बॉडीवर दिसला स्क्रू, आवळली वायर, हे चालायचं नाही.

मीटर एएफआरऐवजी लॅम्डावर ठेवा, हा माझा हट्ट. पंपावरच्या ई२०ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, खरं प्रमाण साडेतेराच्या जवळपास लागतं, पण मीटर लॅम्डा मोजतो आणि त्याला सवयीने साध्या पेट्रोलच्या १४.७ने गुणतो. लॅम्डाचा १ कुठल्याही पेट्रोलला १च. आणि गिऱ्हाईकाला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधीच सांगा. असे बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाहीत.

मागून प्रश्न आलाय, वायर कमी पडली तर कापून जोडावी का? नॅरोबँड पुष्कळदा बाहेरची हवा वायरच्या आतूनच घेतो. डाग दिलात, म्हणजे सोल्डर केलंत, की श्वास बंद. क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून जोडा. वाइडबँडचा प्लग तर कापूच नका. प्रत्येक सेन्सरचं माप जुळवणारा छोटा रेझिस्टर त्या प्लगमध्येच असतो. तयार एक्स्टेन्शन मिळते, ती घ्या.