जुलाबाची गोळी आणि पिट्युटरीचा निरोप

(दृश्य: टेबलावर औषधांच्या दोन पट्ट्या. खिडकीतून सकाळचं ऊन.)

डावीकडची पट्टी हायड्रोकॉर्टिसोनची. ॲडिसनच्या आजारात, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या की, माणसाला ती जन्मभर घ्यावी लागते, दिवसातून दोन-तीनदा, एकही दिवस न चुकवता. उजवीकडची लोपेरामाइडची. प्रवासात पोट बिघडलं, जुलाब लागले की मेडिकलमधून आणतात ती.

एक संप्रेरकाची (हार्मोनची), दुसरी आतड्याची. तरी त्यांची गाठ पडते, आणि तीही पोटात नव्हे, मेंदूच्या तळाशी.

(दृश्य: मूत्रपिंडांचं रेखाचित्र. त्यांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी.)

या ॲड्रिनल ग्रंथी. 1855 साली लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी अशा रुग्णांचं वर्णन छापलं, ज्यांची ताकद ओसरत गेली, वजन उतरलं आणि कातडी काळवंडली. मृत्यूनंतर पाहिलं तर या इवल्या ग्रंथी खराब झालेल्या होत्या, काहींच्या क्षयाने. आपल्याकडे ॲडिसनचं निदान झालं की डॉक्टर आजही क्षयाची शक्यता तपासून पाहतात.

निरोगी शरीरात कामाची साखळी अशी असते. मेंदूतला हायपोथॅलॅमस त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो. पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. तो निरोप ॲड्रिनलपर्यंत पोचला की कॉर्टिसॉल तयार होतं, म्हणजे तेच संप्रेरक जे हायड्रोकॉर्टिसोनची गोळी बाहेरून पुरवते. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचा निरोप आपोआप मंदावतो.

ॲडिसनमध्ये खालून उत्तरच येत नाही. मग पिट्युटरी हाका मारत राहते. एरवी सकाळच्या रक्तात एसीटीएच दर मिलिलिटरमागे साधारण पन्नास-साठ पिकोग्रॅमच्या आत असतं; इथे ते शेकड्यांत जातं, कधी हजारावर. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळे पडतात, कारण एसीटीएच त्वचेतल्या रंगपेशींनाही चेतवतं. न पोचलेल्या निरोपाची शाई कातडीवर उमटावी, तसं.

(दृश्य: प्रयोगशाळा. बर्फात ठेवलेली रक्ताची नळी.)

आता उजवीकडच्या पट्टीकडे वळू. लोपेरामाइड 1969 साली बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं. नातं अफूशी. अफूने बद्धकोष्ठ होतं हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. तोच गुण घ्यायचा आणि नशा टाळायची, अशी ही रचना. ते आतड्याची हालचाल मंदावतं. मेंदूत मात्र नेहमीच्या मात्रेत शिरू शकत नाही. रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवरची प्रथिनं त्याला पकडून परत बाहेर ढकलतात.

पण पिट्युटरी या सीमेच्या आत नाही. हायपोथॅलॅमसचा तिला जोडलेला तळाचा भागही बाहेरच. तिथे रक्तातलं औषध सहज पोचतं. आणि अफूच्या कुळातली औषधं ही साखळी दाबतात. 2016 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कुळातल्या वेदनाशामकांवर ॲड्रिनलच्या कमतरतेचा इशारा छापायला लावला, तो यासाठीच.

निरोगी माणसाला 16 मिलिग्रॅम लोपेरामाइड एकदम दिलं तर काही तासांत एसीटीएच आणि कॉर्टिसॉल दोन्ही उतरतात. पण इथे शंका उरते. औषध नेमकं कुठे बोट ठेवतंय? वर की खाली? दोन्ही टोकं जिवंत असली की एकाचा परिणाम दुसऱ्यात मिसळतो.

ॲडिसनच्या रुग्णांनी हा गुंता सोडवला. 1980च्या दशकात अशा रुग्णांना लोपेरामाइड देऊन पाहिलं. त्यांच्यात खालचं टोक आधीच गप्प. तरीही चढलेलं एसीटीएच खाली आलं. म्हणजे औषध ॲड्रिनलमधून नव्हे, वरूनच काम करत होतं. आजाराने ज्यांचं शरीर इतकं लुळं केलं, त्यांच्याच शरीराने ही गोष्ट इतकी स्वच्छ दाखवून दिली. मला ही या साऱ्या कथेतली सर्वांत हेलावणारी जागा वाटते.

ही 16 मिलिग्रॅमची मात्रा म्हणजे 2 मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल, आणि तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी मोजून बघायची ही गोष्ट नाही. ठरलेल्या मात्रेच्या फार वर गेल्यास हे औषध हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडवू शकतं.

एसीटीएच उतरलं म्हणजे आजार हटला का? नाही. ग्रंथी होती तशीच आहे. उतरला तो फक्त हाकेचा आवाज. तसंच, ज्याची ॲड्रिनल पूर्ण गेली आहे, त्याचं या उतरण्याने वेगळं नुकसानही होत नाही. त्याचं कॉर्टिसॉल गोळीतूनच येतं. पण ज्यांच्या पिट्युटरीतच दोष आहे आणि एसीटीएचचा बारीकसा धागा शिल्लक आहे, त्यांच्यासाठी तो धागा मोलाचा. संप्रेरकांची तपासणी असेल तेव्हा अलीकडे जुलाबाची गोळी घेतली होती हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

(दृश्य: रात्र. पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या, ओआरएसचं पाकीट.)

खरा धोका मात्र जुलाबांचाच. ॲडिसनच्या माणसाच्या शरीरातून मीठ आधीच निसटत असतं. त्यात जुलाब लागले की पाणी, मीठ आणि गिळलेली गोळीही टिकत नाही. काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय उलट्या, पोटदुखी, जुलाब ही ॲडिसनच्या संकटाचीच, म्हणजे कॉर्टिसॉल एकदम कमी पडल्याचीच, लक्षणं असतात. घरचे म्हणतात, काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल.

अशा वेळी लोपेरामाइडने जुलाब थांबले तरी कॉर्टिसॉलची गरज भागत नाही. ताप असेल तर हायड्रोकॉर्टिसोनची रोजची मात्रा दुप्पट-तिप्पट करायची असते. गोळी पोटात ठरत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि लगेच दवाखाना. ते इंजेक्शन घरात कुठल्या कप्प्यात आहे, हे घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तरी माहीत असावं. रात्री दोन वाजता रुग्णाला स्वतःला ते सांगता येईलच असं नाही.