सुपारी आणि मुलांचं तोंड

श्रोतेहो, नमस्कार.

मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली की घर डोक्यावर घेतलं जातं. पुडी सुगंधी सुपारीची निघाली, तर मात्र ‘सुपारीच आहे ना’ म्हणून विषय मिटतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्या पुडीबद्दल.

तंबाखूचा कणही नसलेल्या सुपारीने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच जाहीर केलं आहे. सुपारीतल्या अ‍ॅरेकोलिनने तरतरी येते, म्हणून ती पुन्हा पुन्हा चघळावीशी वाटते. आणि त्याच अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतू साचत जातात. या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

सुरुवात फसवी असते. तिखट झोंबतं, तोंड कोरडं पडतं, फोड येतात. मूल तिखट नको म्हणतं आणि आपण म्हणतो, नखरे करतोय! मग गाल आतून पांढुरका पडतो, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. शिट्टी वाजत नाही, फुगा फुगवता येत नाही. पुढे पुढे घासापुरतंही तोंड उघडेनासं होतं.

घरी एक गोष्ट करून बघा. मुलाला आपली मधली तीन बोटं जोडून, उभी धरून, समोरच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये घालायला सांगा. बोटं त्याचीच हवीत, तुमची नव्हेत. जात नसतील तर दंतवैद्यांकडे न्या. औषधांनी, इंजेक्शनांनी, तोंडाच्या व्यायामाने थोडाफार फरक पडतो. पण ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही. त्यात पुढे कर्करोगाचा धोका राहतो, म्हणून सुपारी सुटली तरी तपासण्या सोडायच्या नाहीत.

जोडीला तंबाखू आली की निकोटीनची पकड बसते, आणि कोवळ्या वयात ती फार लवकर बसते. तंबाखू जिथे दाबून धरतात तिथली हिरडी खाली सरकते, दातांची मुळं उघडी पडतात, पांढरे चट्टे उठतात.

मारझोड केली तर मूल फक्त लपवायला शिकतं. कधीपासून खातोस, कुणाबरोबर, दिवसातून किती वेळा, हे शांतपणे विचारा. घरात मोठ्यांपैकी कुणी खात असेल, तर तेही दंतवैद्यांना सांगा. आणि सापडलेली पुडी रागाने फेकून देऊ नका, सोबत न्या. आत नक्की काय काय आहे, ते त्यांना बघू द्या.