अकरावीच्या वर्गातला मुंजा

नमस्कार श्रोतेहो.

स्टेफनी मायर या अमेरिकन बाईंची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ साली आली. कुमारवयातल्या मुलामुलींसाठी लिहिलेली, व्हॅम्पायरच्या प्रेमाची गोष्ट. मी ती पन्नाशी उलटल्यावर वाचली आणि मला फार आवडली. पुन्हा सांगते, म्हणजे आपण काहीतरी चुकीचं ऐकलं असं कुणाला वाटायला नको. पन्नाशीनंतर वाचली आणि फार आवडली. वर्तमानपत्राचं कव्हर न घालता, लोकांदेखत वाचली.

एवढं ठासून सांगावं लागतं, कारण एखाद्या गृहस्थाने निवृत्तीनंतर गुप्तहेरकथांचा फडशा पाडला तर त्याला विरंगुळा म्हणतात. बाईने प्रेमकथा हातात घेतली की मात्र, “आता या वयात?” अहो, मग कोणत्या वयात? सोळाव्या वर्षी अभ्यास होता, तिसाव्या वर्षी मुलांचे डबे होते. असो.

गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. २००८ साली सिनेमाही आला होता. तरी थोडक्यात सांगते. सतरा वर्षांची बेला उन्हाने भाजणारं फिनिक्स शहर सोडून फोर्क्स नावाच्या लहानशा, सदा ढगाळलेल्या गावात वडिलांकडे राहायला येते. शाळेत जीवशास्त्राच्या तासाला तिच्या शेजारी एडवर्ड कलन बसतो. तो व्हॅम्पायर. तिच्या रक्ताच्या वासाने तो असा काही कासावीस होतो, की मूठ आवळून, खुर्चीच्या पार टोकाला सरकून तो तास काढतो आणि मग काही दिवस शाळेत फिरकतच नाही. हिचं रक्त प्यावं की हिच्यावर प्रेम करावं, ही त्याची अडचण. चार जाडजूड पुस्तकं या एका अडचणीवर उभी आहेत.

मायरबाई तेव्हा तीन लहान मुलग्यांची आई होत्या. जून २००३ मध्ये एका रात्री त्यांना स्वप्न पडलं. रानातल्या मोकळ्या कुरणात एक साधीसुधी मुलगी आणि एक देखणा व्हॅम्पायर बोलत उभे आहेत. मुलांची खाणीपिणी आणि पोहण्याचे क्लास सांभाळून बाईंनी ते स्वप्न लिहून काढलं आणि तीन महिन्यांत कादंबरी पुरी केली. ते स्वप्न पुस्तकात येतं तेराव्या प्रकरणात. तेरावं प्रकरण, एवढं ध्यानात असू द्या.

आणि माझ्यासारख्या वाचकांचं म्हणाल, तर २०१२ मध्ये अमेरिकेत बाउकर या संस्थेने पाहणी केली. कुमारांसाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक अठराच्या पुढचे निघाले. मुलांसाठी घेत असतील म्हणावं, तर बहुतेकांनी सरळ सांगितलं की आम्ही स्वतः वाचायला घेतो. तेव्हा मी काही एकटी नाही.

पण आज मला खरी सांगायची आहे ती आमच्या घरच्या गौरीच्या रात्रीची हकिकत. तिच्यासाठीच मी या भाषणाला होकार दिला.

माझं सासर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं. गौरीगणपतीला सगळं घर जमतं. त्या वर्षी गौर घरात आली त्याच संध्याकाळी पावसाने अशी झोड लावली की वीज गेली ती गेलीच. फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, गुडघे बोलायला लागले. पुरुषमंडळी पडवीत आडवी झालेली. माजघरात आम्ही बायका, गौरीपुढची समई, एक बॅटरी आणि मधे सुपात लसूण. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण आणि वडे, त्याची ती तयारी. बाटलीतल्या तयार पेस्टला मी लसूण मानत नाही, हे जाता जाता सांगून ठेवते. तिला ना वास, ना चव, नुसतं आंबटपण.

तर थोरल्या आत्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या आत्या, ऐंशीच्या पुढच्या, भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “जागवायची आहे ना गौर? मग नुसत्या जांभया काय देता? काहीतरी सांगा गो.” माझी अकरावीतली पुतणी शेजारीच होती. तिचंच ‘ट्वायलाइट’ मी मे महिन्यात वाचलं होतं, पुढचे भागही वाचले होते. म्हटलं, “एक इंग्रजी गोष्ट आहे. रक्त पिणाऱ्या मुलाची.”

“सांग,” आत्या म्हणाल्या.

आता गंमत बघा. जुन्या कथांमधले व्हॅम्पायर लसणीला घाबरून पळतात, आणि आम्ही लसूण सोलत त्यांचीच गोष्ट ऐकायला बसलो होतो. मायरबाईंनी अर्थात ते सगळं मोडीत काढलंय. त्यांचे व्हॅम्पायर शवपेटीत झोपत नाहीत, उन्हाने जळत नाहीत. झोपतच नाहीत मुळी.

सुरुवातीलाच गाडं अडलं. बेलाच्या आईने दुसरं लग्न केलंय, म्हणून बेला वडिलांकडे येते, असं मी सांगितलं. “बाप करतो काय?” आत्यांचा प्रश्न. म्हटलं, पोलीसप्रमुख आहे, एकटाच राहतो, सुट्टीच्या दिवशी मासे पकडायला जातो. “मग बाप चांगला आहे,” आत्यांनी निकाल दिला, आणि पुढे कितीही व्हॅम्पायर आले तरी त्या बापाच्याच बाजूने राहिल्या. बेला त्याच्यासाठी रोज स्वयंपाक करते, हेही त्यांना पसंत पडलं. ती मनातल्या मनात बापाला नावाने संबोधते, हे मी हुशारीने गाळलं होतं. पुतणीने लगेच सांगून टाकलं.

मग एडवर्ड आला. धाकटी नणंद सरसावून बसली. देखणा, पांढराफटक, हात गार, आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांबरोबर बसून काही न खाणारा. “खात नाही, तर जेवण पुढ्यात घेऊन बसतो कशाला?” मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. म्हटलं, लोकांना संशय येऊ नये म्हणून. “मग जगतो कशावर?” हरणाच्या रक्तावर. त्याला स्वतःला डोंगरी सिंह आवडतो, भावाला अस्वल. पण माणसाचं रक्त पीत नाहीत, म्हणून ते आपल्याला शाकाहारी म्हणवतात.

यावर माजघर जे काही हसलं! पडवीतून कुणीतरी ओरडलं, झोपू द्या जरा. जाऊबाई म्हणाल्या, “हरणाचं रक्त पिऊन हे शाकाहारी, तर उद्या आपला उपासच म्हणायचा!”

“वय काय त्याचं?” आत्यांनी विचारलं. सतरा. पण सतरा कधीपासून? १९१८ पासून. “म्हणजे शंभरीला टेकलेला घोडा पोरींच्या वर्गात बसतो?” जाऊबाईंनी लसूण खाली ठेवली. “आणि दरवर्षी तीच परीक्षा देतो? काय जन्म म्हणायचा!”

मग मी ते सांगितलं. १९१८ साली तिकडे शिकागोत फ्लूची साथ आली. एडवर्डचे आईवडील गेले, तोही चालला होता. तेव्हा कार्लाइल नावाच्या डॉक्टरने, जो स्वतः व्हॅम्पायर होता, त्याला चावून आपल्यासारखं करून घेतलं.

आत्या सरळ बसल्या. “अठरा सालची साथ? म्हणजे मानमोडी.”

हो, श्रोतेहो, तीच. मुंबई बंदरातून आत आलेली मानमोडी. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीने नेली. इतकी वर्षं मी ‘स्पॅनिश फ्लू’ हे शब्द वाचत होते, पण शिकागोतली मानमोडी आणि आमच्या खाडीकाठची मानमोडी एकच, हे त्या रात्री आत्यांमुळे माझ्या अंगावर आलं. त्या म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांचे दोघे भाऊ मानमोडीत गेले. सोळा नि अठरा वर्षांचे. दोघं बिनलग्नाचे.” मग थोडं थांबून, “हा तुझा मुलगाही तसाच. बिनलग्नाचा गेला नि त्याच वयात अडकला. म्हणजे मुंजाच की गो हा!”

सगळ्यांना एका शब्दात एडवर्ड कळला. मी अर्धा तास व्हॅम्पायर, व्हॅम्पायर करत होते. आमच्या विहिरीजवळच्या पिंपळावर राहणारा माणूस तो, त्याची ओळख काय करून द्यायची!

आणि मग आत्यांनी जे विचारलं ते मी विसरलेले नाही. “त्या डॉक्टराने त्याला वाचवलंन, की मारलंन?”

श्रोतेहो, हाच प्रश्न एडवर्ड चारही पुस्तकं स्वतःला विचारत असतो. आपला आत्मा उरला आहे की नाही, याची त्याला खात्री नाही. बेलाला तो आपल्यासारखी करायला तयार नसतो तो यामुळेच. एकही पान न वाचता आत्या तिथवर पोचल्या होत्या. मला उत्तर देता आलं नाही. मी गोष्ट पुढे रेटली.

तो रात्री खिडकीतून येऊन, बेला झोपलेली असताना, तिच्याकडे बघत बसतो. “आणि बाप घरात?” जाऊबाई. “फळकुटाने बडवायला हवा मेल्याला.” नणंद म्हणाली, “किती ते प्रेम!” माजघरात सरळ दोन तट पडले. पोरगी धास्तावेल की नाही, कुणी असं बघत बसलं तर? पण तिला आवडतं ना! तिला आवडतं म्हणून काय झालं? पुतणी मधेच, “काकू, तुम्ही व्हॅनचा अपघात विसरलात! तिथे तोच तिचा जीव वाचवतो!” मला विचाराल तर मला दोन्ही तट पटत होते.

शेवटी एकदाचं कुरण आलं. उन्हात एडवर्डची कातडी चमकते. “चमकते म्हणजे कशी?” हिऱ्यांसारखी, पुतणी म्हणाली. “जरीच्या पदरासारखी म्हण,” आत्यांनी दुरुस्ती केली. आणि मग, एवढ्या वेळाने, तो तिचं पहिलं चुंबन घेतो. आत्यांसमोर मी आपलं म्हटलं, “मग तो तिच्या जवळ आला.” पुतणी तोंडावर ओढणी दाबून हसत सुटली. आत्या म्हणाल्या, “कळलं हो. चार मुलं झाली आहेत मला.”

विसर्जनाच्या दिवशी गौर पाण्यात देऊन परत येताना मी चिखलातून आत्यांचा हात धरून चालत होते. त्यांनी हळूच विचारलं, “चावला का गो शेवटी तिला?”

म्हटलं, पहिल्या पुस्तकात नाही. चौथ्यात.

“आणि लग्न?”

तेही चौथ्यात, पण चावण्याच्या आधी. तोच अडून बसतो, आधी लग्न म्हणून.

आत्या चार पावलं चालल्या. “मग मुलगा घरंदाज आहे,” म्हणाल्या.

आता वेळ थोडा उरला आहे, त्यामुळे या पुस्तकात मोठ्या माणसाने वाचण्यासारखं काय आहे ते भराभर सांगते. हे थांबण्याचं पुस्तक आहे. पुन्हा सांगते, थांबण्याचं. तेरावं प्रकरण ध्यानात ठेवायला सांगितलं होतं ना? पहिलं चुंबन त्या प्रकरणाच्या शेवटी येतं, म्हणजे अर्धंअधिक पुस्तक उलटल्यावर. तोवर काय घडतं? शेजारी बसणं. एकाच मोटारीत बसणं. हात जवळ असणं आणि न धरणं. हल्लीच्या मालिकांमध्ये पहिल्याच आठवड्यात लग्न, दुसऱ्यात कारस्थान आणि तिसऱ्यात स्मृती जाते, त्यात ही चव कुठून येणार? सोळाव्या वर्षी हे वाचताना वाटतं, कधी एकदा तो जवळ येतो. पन्नाशीत वाटतं, येऊ नकोस रे एवढ्यात, अजून एक प्रकरण जाऊ दे.

आणि मोठा वाचक हे आवडून घेतानाच रागावतोही, जसे त्या रात्री आमच्यात दोन तट पडले तसे त्याच्या एकट्याच्यात पडतात. तिसऱ्या भागात बेलाने मित्राकडे जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या गाडीच्या इंजिनाचा भागच काढून ठेवतो. तिथे मी मोठ्याने बोलले होते, काय ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही.

फोर्क्स हे गाव खरंच आहे, अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यात. एके काळी लाकूडतोडीवर जगणारं गाव, आता तिथे या पुस्तकाचे चाहते जातात. मायरबाईंनी अमेरिकेतलं सर्वांत पावसाळी ठिकाण शोधता शोधता ते निवडलं. तिथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. आमचं महाबळेश्वर त्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस घेतं आणि बहुतेक सगळा चारच महिन्यांत. तेव्हा पावसाने कंटाळलेल्या बेलाबद्दल कोकणातल्या वाचकाला फारशी दया येणार नाही. जवळच्या किनाऱ्यावर राहणारे क्विलियूट आदिवासीही खरे आहेत. त्यांच्या लांडग्याच्या कथा बाईंनी आपल्या गोष्टीत घेतल्या. पण त्या लोकांची खरी काळजी त्सुनामीची आहे. गाव उंचावर हलवायला जमीन मिळावी म्हणून ते झगडत होते, त्यासाठी २०१२ मध्ये कायदा झाला. एडवर्डच्या चाहत्यांनी ही गोष्टही वाचावी.

कुठून सुरुवात करायची, असं कुणी विचारेल. पहिलं पुस्तक पुरं वाचा. दुसऱ्यात एडवर्ड निघून जातो, तेव्हा काही पानं जवळजवळ कोरी आहेत. त्यांवर फक्त ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एवढंच छापलंय. त्या पानांवर घाई करू नका. तिसऱ्यातलं ते इंजिनाचं प्रकरण नवऱ्याला वाचायला द्या. चौथं सातशेहून जास्त पानांचं आहे, त्यातलं लग्न तेवढं वाचा. आणि २०२० मध्ये हीच गोष्ट एडवर्डच्या बाजूने सांगणारं पुस्तक आलंय. त्यात तो पानोपानी इतका स्वतःला कोसत राहतो, की मी निम्म्यावर ते पुतणीला परत केलं. नमस्कार.