सव्वा महिना झाला, तरी दम का लागतो?

नमस्कार सोलापूरकर. आज बोलायचंय बाळंतिणीच्या थकव्याबद्दल, आणि हे फक्त बायकांसाठी नाही बरं का, ज्या घरात पाळणा हललाय तिथल्या सासूबाई, आई, नवरा सगळ्यांनी जरा आवाज वाढवा.

आपल्याकडं सव्वा महिना झाला की घरचे म्हणतात, झालं आता, उठ, कामाला लाग. ती उठते पण. पण एक जिना चढली की छातीत धडधड, भांडी घासताना डोळ्यापुढं अंधारी, रात्री पाय नुसते वळवळतात, आणि कुणी कुणी तर गुपचूप कच्चे तांदूळ नाहीतर पाटीवरची पेन्सिल चघळत बसते. त्यावर ऐकायला काय मिळतं, तर आम्ही काय बाळंतपणं केली नाहीत का! केली की, पण तेव्हा तुमचं एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, लोहापासून बनणारा रक्तातला लाल घटक, कुणी तपासलं होतं?

हिशोब बघा. साध्या डिलिव्हरीत अर्धा लिटरपर्यंत रक्त जाणं नेहमीचं, सिझरमध्ये अजून जास्त. अर्ध्या लिटरमागं साधारण दीडशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह गेलं, आणि रोजच्या जेवणातून अंगाला लागतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, त्यात नऊ महिने बाळानं आपला वाटा उचललेला असतोच. मग सव्वा महिन्यात भरून कसं निघणार?

म्हणून सरकारी दवाखान्यात ती लाल गोळी फुकट मिळते, लोह आणि फोलिक अ‍ॅसिडची, गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर परत १८० दिवस. हा दुसरा अर्धा भाग बहुतेक घरांत गायब असतो. बाळ झालं, गोळ्या कपाटात. कारण काय, तर गोळी उष्ण पडते, बाळाला बाधते. नाही बाधत, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. शी काळी होते, त्याला घाबरायचं नाही. पोट साफ होत नाही, मळमळतं, हा त्रास मात्र खरा आहे, अशा वेळी गोळी बंद करण्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, ते कधी एक दिवसाआड घ्यायला सांगतात, कधी गोळी बदलून देतात.

आणि चहा! ४४ डिग्रीच्या उन्हातही आपल्याला चार वेळा चहा लागतो, पण गोळीच्या आधी-नंतर तास-दोन तास चहा नको, दूध नको, आणि कॅल्शियमची गोळी तर दुसऱ्याच वेळेला घ्या. लोह दुधाबरोबर घेतलं की अंगाला नीट लागत नाही, आणि बऱ्याच घरांत नेमकं गरम दुधाबरोबरच गोळी देतात, काय बोलायचं.

लिंबाचंही तसंच. बाळंतिणीला आंबट देत नाहीत, आणि लोह शोषायला मदत करतं ते आंबटच, लिंबू, आवळा. ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगाचटणी खुशाल खाऊ द्या, पण भाजीवर लिंबू पिळा. आळीवात लोह भरपूर, पण दुधातली खीर करण्यापेक्षा गूळ-खोबऱ्याचे लाडू बरे. मटण खाणाऱ्या घरात कलेजी उत्तम. तरी नुसत्या लाडवांवर एचबी चढेल या भरवशावर राहू नका, गोळी लागतेच.

गोळी नियमित घेतली तर महिन्याभरात एचबी एक-दोननं वाढायला हवं. वाढलं की लगेच थांबू नका, शरीरातला साठा भरायला अजून तीनेक महिने लागतात, म्हणून जमलं तर हा लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची टेस्ट करून घ्या. एचबी हललंच नाही तर डॉक्टरांकडं जा, आतून रक्तस्राव चालू असेल, जंत असतील, थॅलेसेमियाचा, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या दोषाचा, अंश असेल. आणि एचबी ठीक असूनही थकवा जात नसेल तर थायरॉईड तपासा, बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं. एचबी फार कमी असेल तर शिरेतून लोह देतात, हल्ली ते सर्रास होतं, घाबरण्यासारखं काही नाही. सारखं रडू येतंय, बाळाकडं बघवत नाही असं होत असेल तर तेही दवाखान्यात बोला, त्याला नुसतं लोह पुरत नाही.

आणि तासाभरात पॅड पूर्ण भिजतंय, बसल्याजागी दम लागतोय, चक्कर येऊन पडतीये, अशा वेळी सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा.